खळ्यावरचा वारा

२४ जून २००१
विजेच्या खांबासाठी केलेल्या अर्जाला सहा वर्षे झाली. गावची शेवटची तार आमच्या आखाड्यापासून, म्हणजे शेतातल्या या घरापासून, अर्ध्या कोसावर थांबते. आजपासून अर्जाचा पाठपुरावा बंद. घराच्या पश्चिमेस मुरमाड टेकाड आहे, त्यावर बांबू उभा केला आणि शेंड्याला लाल रिबीन बांधली. दिवसातून तीनदा नोंद: लोंबते, हलते, आडवी राहते. मुदत चाळीस दिवस. पवनचक्की घ्यावी की नाही, हे त्यानंतर ठरेल. आधी पुरावा, मग मत.

२ जुलै
रिबीन तिन्ही वेळा आडवी.
सौ.ने आज मुदत घातली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून कंदिलाची ज्योत तिच्या डोळ्यांना टोचते. संध्याकाळची पोथी बंद पडून चार महिने झाले. नांदेडला मुलाकडे, शरदच्या घरी, तिच्यासाठी खोली तयार आहे. ती म्हणाली, "भाऊबीजेपर्यंत बघते. तोवर नीट उजेड झाला तर राहीन. नाही तर शरद आला की त्याच्याबरोबर जाईन. तुम्ही राहा इथं, मी काही म्हणणार नाही."
भांडण नाही, आवाज नाही. अट स्पष्ट आहे. मला अशीच अट आवडते, असे मी म्हणालो. तिला ते आवडले नाही.

३ ऑगस्ट
चाळीस दिवस पूर्ण. एकशे वीस नोंदींपैकी रिबीन लोंबलेली फक्त नऊ वेळा. निष्कर्ष: या टेकाडावर घरापुरती वीज देण्याइतका वारा आहे. पुण्याच्या कारखान्याला पत्र टाकले.
तांड्यावरची गमळीबाई निंदणीला आली होती. बांबूकडे बघून म्हणाली, "गुरुजी, हे वारं पावसासंगं आलंय. पावसासंगंच जाईल." काहून, असे विचारले, तर हसली आणि खुरपे उचलून पिकात गेली. नोंद केली: साक्षीदार विश्वासार्ह, विधान असिद्ध.

२५ ऑगस्ट
आज पवनचक्की उभी राहिली. पंचवीस फूट लोखंडी नळी, चार बाजूंना तारांचे ताण, वर तीन पाती. कळमनुरीच्या सलीम मिस्त्रीने जोडकाम केले. उभारणी ओळंब्याने तपासली. नळी अर्धा बोट कलली होती, पुन्हा उभी करवली. सलीम म्हणाला, "साब, इतनी तकलीफ तो मस्जिद की मीनार को भी नहीं होती." मी म्हणालो, मिनाराला फिरायचे नसते.
चार वाजता पाती फिरली. सायंकाळी दोन बॅटऱ्यांवर छोटी ट्यूब लागली. पांढरा, स्थिर, धूर नसलेला उजेड. सौ.ने पोथी काढली, एक अध्याय वाचला, चष्मा पुसला आणि आणखी एक वाचला.
तीस वर्षे वर्गात अनुमान शिकवले. आज ते घराच्या छताखाली दिवा होऊन लागले.

३० ऑगस्ट
गावातून, तांड्यावरून माणसे बघायला येतात. पाटलांनी विचारले, वारा नसेल तेव्हा काय? बॅटरी, असे उत्तर दिले. बॅटरी संपली तर? एकशे वीस नोंदींची वही दाखवली. त्यांनी ती उलटून पाहिली आणि परत दिली. मला समाधान वाटले. तसे न लिहिणे खोटेपणा होईल.

२३ सप्टेंबर
पाऊस उघडला. पाती सकाळी फिरली नाहीत. दुपारी थोडी.

२९ सप्टेंबर
सहा दिवस पाती स्थिर. ट्यूब लालसर होऊन विझली. सौ.ने कंदील पुसला, लावला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

४ ऑक्टोबर
गमळीबाई बांधावरून जाताना थांबली. "तुमचा पंखा बगळ्यावानी उभा हाय, गुरुजी. एका पायावर. मासा कवा येतो बघत."
सौ. हसली. बऱ्याच दिवसांनी. मला ते ऐकू आले नाही, असे मी दाखवले.

६ ऑक्टोबर
दोष सापडला, आणि तो यंत्रात नाही. मी पावसाळ्यातले चाळीस दिवस मोजले आणि विधान बारा महिन्यांचे केले. असे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले असते, तर मी वही परत केली असती. वर लाल शाईत लिहिले असते: जिथे हेतू, म्हणजे खूण, दिसला नाही, तिथेही साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, गृहीत धरले.
तेच वाक्य लाल शाईत आज माझ्या वहीवर लिहिले.
सौ.ने विचारले, "शरदला काय कळवू?" थांबायला सांगितले.

८ ऑक्टोबर
गमळीबाईला बोलावून विचारले. असा प्रश्न मी कोणाला सहसा विचारत नाही. हिवाळ्यात वारा कुठे असतो?
तिने करूनच दाखवले. घरातून सूप मागितले, त्यात भुसा घेतला आणि टेकाडावर चढून हात उंच करून सोडला. भुसा सरळ तिच्या पायांवर पडला. मग आंब्यांच्या पलीकडे, घराच्या पूर्वेला, जुन्या खळ्यावर गेली. मळणी यंत्र येण्याआधी दरवर्षी तिथे ज्वारीची रास होत असे, आणि तिवईवर उभी राहून ती उपणत असे. मी आणि सौ. मागोमाग गेलो.
"गुरुजी, पायतान काढा. खळं हाय."
यंत्र आल्यापासून तिथे रास नाही, गवत माजले आहे. तरीही काढले. सौ.ने तर काठावरच काढले होते.
भुसा सोडला. तो वाकला, पसरला आणि गेला. पावलांनी मोजले: सात.
"ह्ये उगवतीचं वारं. ऊन चढलं की सुटतं, उतरलं की बसतं. तुमचं टेकाड आंब्याच्या आड येतं, तिथं कुठून मिळायचं?" मग सौ.कडे वळून म्हणाली, "बाई, खळं काय उगी जागा बघून करतेत व्हय? आदी वारं बघतेत, मंग जागा."
चार वेळा करवून घेतले. टेकाडावर: पायांशी, पायांशी, एक पाऊल, पायांशी. खळ्यावर: सात, सहा, आठ, सात. ज्यांनी हे खळे निवडले, त्यांचा पुरावा माझ्या वहीपेक्षा दीर्घ होता.

१० ऑक्टोबर
सलीमला निरोप. त्याची शंका रास्त: "लंबी तार में करंट मरता, साब." खळ्यापासून घर नव्वद पावले. बॅटऱ्या घरातच ठेवायच्या आणि तार दुप्पट जाड घ्यायची. नांदेडहून मागवली.

२१ ऑक्टोबर
नळी उतरवली. खळ्याच्या मध्यभागी मळणीचा खांब, तिवडा, ज्या खड्ड्यात रोवला जात असे, तोच खड्डा गमळीबाईने दाखवला. तीन फूट खोल केला. सलीमने चपला काढून काम केले, त्याला कोणी सांगितले नव्हते. ओळंबा लावला. या वेळी पहिल्यांदाच सरळ. सलीमने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली.
गमळीबाईने नळीच्या पायथ्याशी मूठभर ज्वारी ठेवली. याला आधार कोणता, असे मी विचारणार होतो. विचारले नाही.

२६ ऑक्टोबर, दसरा
साडेदहाला पाती हलली. अकराला फिरू लागली. चारला थांबली. गमळीबाईने सांगितले तसेच: ऊन चढले की सुटला, उतरले की बसला.
पावसाळ्यातला वेग नाही. पण रोज आहे. सायंकाळी ट्यूब एक तास दहा मिनिटे. पोथीचे तीन अध्याय.

५ नोव्हेंबर
पाटील पुन्हा आले; सलीमही तारा तपासायला आला होता. जागा का बदलली? चूक झाली होती, म्हणालो. चूक कोणाची, असे त्यांनी मिस्त्रीकडे बघत विचारले. माझी, म्हणालो, आणि दुरुस्ती गमळीबाईची. ती तिथेच होती. पदर नीट करून म्हणाली, "मी काय केलं, भुसा तर उडवला."
पहिल्या दिवसापेक्षा आज अधिक अभिमान वाटतो. तेव्हाचा वारा मला विनासायास मिळाला होता.

१२ नोव्हेंबर
ढगाळ. पाती तासभरच. ट्यूब वीस मिनिटे. सौ.ने अध्याय अर्धा ठेवला. ट्रंक माळ्यावरून खाली काढली आहे.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज
शरद दहाला आला. खळ्यावर नेले. त्यालाही चपला काढायला लावल्या, हे त्याच्या आईने.
अकराला पाती फिरली. सौ.ने पातींकडे पाहिले. मग मला विचारले, "आणि चैत्रात? तेव्हा वारा कुठल्या बाजूचा?"
म्हणालो, ठाऊक नाही. अजून मोजलेला नाही.
"चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं," ती शरदला म्हणाली.
तो उद्या सकाळी निघेल. ट्रंक ओसरीवर आहे, भरलेली की रिकामी ते बाहेरून कळत नाही. तिच्यावर गमळीबाईने भुसा उडवलेले ते सूप ठेवले आहे, त्यात मूठभर भुसा. बांबूवरची लाल रिबीन मी सोडवून आणली होती. ती सुपात नाही, वहीत नाही. संध्याकाळी सौ. खळ्याकडून येताना दिसली, अनवाणी; तिच्या मागे तारेच्या ताणावर लाल काहीतरी हलत होते.