आत्याबाईंचा शब्द

गुरुवार, सांजच्याला

असली कसली ट्यूब? आठ दिवस बोटांच्या बेचक्यात चोळतेय, खाज तशीच, वर वळलेल्या विड्यांना तिचा वास. पण चूक माझीच. डॉक्टरणीला खाज म्हणायची लाज वाटली, रॅश आलाय म्हणून सांगितलं. आज परत गेले तर म्हणाली, "मावशी, रॅश मला दिसतो, खाज तुमची तुम्हालाच कळते. कंड सुटते का, ते सांगा."

कंड! हा तर माझ्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा शब्द. माझ्या बेचक्यात तेल लावताना त्या हेच विचारायच्या. मी म्हणायचे, चारचौघींत असलं गावंढळ बोलू नका. डॉक्टरीण म्हणती, जुन्या वैद्यांच्या पोथ्यांत कंडू हाय, तिथनंच कंड आलीय. तंबाखूनं होतंय म्हणाली, दुसरं औषध दिलं. विड्या वळणं सोडावं लागणार न्हाई, एवढं बरं झालं.

आत्याबाई, त्या बोलण्यावरनं रुसून तुम्ही माळशिरसला लेकीकडं जाऊन बसलात. बेचक्यातल्या त्या तेलानं लई बरं वाटायचं, मी कधी बोलले न्हाई. शाळेचं तोंड न बघता एवढा जुना शब्द तुम्हाला कुणी दिला? रविवारपर्यंत सांगा. फोनवर न्हाई, हितं येऊन.