वाणाच्या डब्या

३१ मार्च, संध्याकाळ. कळंब

घरून विकायच्या क्रीम-शाम्पूचा उरलेला माल आज पलंगावर मांडून मोजला. संक्रांतीला सासूबाईंनी त्यातल्याच डब्या वाण म्हणून वाटल्या, त्या मी तोट्यात धरलेल्या. बारामतीचे करसल्लागार फोनवर म्हणाले, "ताई, घरासाठी काढलेला माल हा धंद्याचा तोटा नाही." मग त्या डब्या तोट्यातून वगळल्या. तोटा कमी झाला, कर वाढेल. वाढू दे! हिशेब तर खरा आहे ना?

एवढ्यात शेजारीण पलंगावर टेकायला गेली. रोज याच मालाला पसारा म्हणणाऱ्या सासूबाई ओरडल्या, "तितं बसू नगं, सुनंच्या दुकानाचा माल हाय!"

दुकान म्हणाल्या!

मग याच मालातून घेतलेली स्वतःची वापरातली क्रीमची डबी आणून म्हणाल्या, "हिचं बी पैसं घे."

घेतले. पावतीही दिली.