पहिल्याच फटक्यात पास

अण्णा, आज तुमच्या ठोकळ्याची गोष्ट आठवली आणि खरं सांगते, रागच आला. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करायचा, कडेला गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून खिडकीसमोर धरायचा, फटीतून उजेड दिसला की ठोकळा बाद. शिकाऊ कामगारांच्या सगळ्या वर्गाचे बाद झाले, तुमचा तेवढा पहिल्याच फटक्यात पास, म्हणून तुम्हाला कारखान्यात घेतलं. कोथरूडच्या आपल्या दोन खोल्यांत ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, की आपल्या घरात कुणी नापास होतच नाही असं मला वाटायचं.

म्हणून माझी पहिली सॉफ्टवेअरची नोकरी गेली तेव्हा मी घरी बोलले नाही. तुम्ही तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरीच होतात, माझा डबा तुम्हीच भरायचात. साडेआठला तो घेऊन मी निघायची आणि बसने मंडईत जाऊन एका भाजीवाल्या मावशींपाशी मटार सोलत बसायची. "एवढी शिकलेली तू, हितं काय करतीस गं?" त्या विचारायच्या. "शेंगा सोलते," मी म्हणायची. तीन आठवडे असे काढले. किडका दाणा माझ्या नजरेतून सुटत नाही हे तिथेच कळलं, आणि पुढे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यातच माझी वीस वर्षं गेली. त्या तीन आठवड्यांत डब्यात रोज शेंगदाण्याची एक वडी असायची. आधी कधी नसायची. रिकामपणी तुम्हाला स्वयंपाकाचा नाद लागला असेल, असं मी धरून चालले. एका संध्याकाळी तुम्ही मला जवळ बोलावून बसवलंत आणि परत ठोकळाच सांगितलात.

तुमच्या दहाव्याला तुमचे कारखान्यातले एक मित्र आले होते. म्हणाले, "ताई, त्या ठोकळ्याच्या परीक्षेत अण्णा दोनदा नापास झाले होते. घरी सांगायची हिंमत नव्हती, महिनाभर डबा घेऊन माझ्या खोलीवर येऊन बसायचे. तिसऱ्यांदा पास झाले." मला ती वडी आठवली आणि मी सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. लोकांना वाटलं, तुम्ही गेलात म्हणून रडते आहे. तुम्हाला सगळं माहीत होतं, अण्णा. 'मीही नापास झालो होतो', एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते तुमच्याच्याने झालं नाही, आणि इतकी वर्षं मी एकटीच नालायक असल्यासारखी वावरले.

परवा तुमच्या नातीच्या कॉलेजातून फोन आला. तिचं वर्ष गेलंय आणि तीन आठवडे ती तिकडे फिरकलेली नाही. रोज सकाळी मात्र डबा घेऊन निघते. कुठे बसते, देव जाणे. काल जेवताना ती माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती. तुमचं खरं सांगायचं, माझं खरं सांगायचं, असं दिवसभर घोकून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि ठोकळ्याची गोष्ट सांगितली. पहिल्याच फटक्यातली.

"माहितीये आई," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच इतकं लिहवलं. जिला वाचायला द्यायला हवं, ती आत्ताच डबा घेऊन बाहेर पडली. वड्या मला जमत नाहीत, अण्णा. दुकानातली चिक्की घातली.