एकाच बाजूनं हाकणारं कुत्रं

प्रिय रामेश्वर,

तू लई हुशार, पण विसरभोळा. आजीला अक्षर येत नाय, एवढंही तुझ्या ध्यानात राहिलं नाय! म्हणून मी बोलते आणि सुकेशनी सिस्टर लिहिते. दवाखान्यातून सुटली की ती आपल्याकडं चहाला टेकते. मधेच कुठं शहाणपण दिसलं तर ते तिचं समज.

मेंढरं बरी आहेत. हर्सूल तळ्याकडचं गवत वाळलं. आपला मोत्या म्हातारा झालाय, तरी कळप रस्त्याकडं सरकला की इकडून भुंकतो, तळ्याकडं सरकला की तिकडून. मेंढरं मधोमध चालतात. सुकेशनी म्हणते, अंगातही असाच राखणदार असतो. रक्तात साखर चढली की खाली हाकतो, उतरली की वर. घाम फोडतो, हात कापवतो, म्हणजे माणसानं काहीतरी खावं. तुझ्या आजाचा राखणदार थकला, म्हणून दिवाळीत तू साखर उतरवायची सुई आणलीस. पण सुई एकाच बाजूनं हाकते. कळप वाटेवर आहे का विहिरीत पडला, हे ती वळून बघत नाय.

चंपाषष्ठीला आजानं उपास धरला. सुई मात्र मी चुकू दिली नाय. तूच बजावलं होतंस ना. दुपारी तळी उचलताना त्याला दरदरून घाम फुटला, अंग थरथरायला लागलं, काहीबाही बोलायला लागला. आम्ही काय समजावं? जन्मात कधी अंगात आलं नाय त्या माणसाच्या अंगात खंडोबा आला! मी कपाळाला भंडारा लावला, पाया पडले, तुझ्यासाठी बायकोसुद्धा मागून घेतली. प्रसादाचा गूळ सगळ्यांना वाटला, त्याला तेवढा दिला नाय. साखरेचा माणूस ना! त्याचं अंग गुळासाठी ओरडत होतं, रामेश्वर, आणि मी हात जोडून उभी होते.

आजाच्या तेराव्याला तू एवढंच म्हणालास, भिंतीला कागद लावला होता ना. आणि पुण्याची गाडी धरलीस. तीन महिने झाले, फोन नाय. त्या कागदाला मी रोज उदबत्ती ओवाळत होते रे, नातवाचं अक्षर म्हणून. तू गेल्यावर सुकेशनीनं तो वाचून दाखवला. जेवल्याशिवाय सुई देऊ नये. तू लिहिलंस, मी ओवाळलं. पाप निम्मं निम्मं घेऊ. सगळं माझ्या पदरात टाकून लपून बसू नको.

आता का लिहिते ते ऐक. सोमवारपासून तीच सुई मला लागलीय. सुकेशनी आधी भाकरी खायला लावते, मग टोचते. तिच्या रजेला माझी मीच. आता माझं अंग थरथरलं तर देव आला म्हणणारं घरात कुणी नाय, आणि तोंडात गूळ घालणारंही नाय. तेव्हा दिवाळीत आजाला आणलीस तसली बिनसाखरेची बिस्किटं पाठवू नको, मोत्यासुद्धा हुंगून निघून जातो. गुळाची एक ढेप पाठव, खडे करून पदराला बांधीन. गूळ इथंही मिळतो, व्हय. पण ती ढेप तुझ्याच हातांनी पाठव, आणि त्या हातांबरोबर तूही ये.

तुझीच, अंगठा उठवणारी,
बानाबाई आजी