चार स्क्रूंचा कारखाना

नोएडा, रविवार, १४ नोव्हेंबर १९९३

ट्रान्सफॉर्मरची तार मी गुंडाळली, सर्किटचा बोर्ड मी कोरला, पेटीचा पत्राही मीच वाकवला. तेव्हा कुठे स्टॅबिलायझरवर माझ्या नावाची पट्टी लागते.

आज व्यापारी खन्नाजी तैवानचे तयार सुटे भाग घेऊन आले. मी फक्त चार स्क्रू पिळायचे आणि वर माझंच नाव लावायचं. विचारलं, "अंदर कुछ बिगड़ा तो?" हसले. "कुलकर्णीसाहब, नया मँगा लेंगे!" म्हणजे आत काय आहे, ते त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. मग बनवलं कोणी? मी?

नाही म्हटलं. ही म्हणाली, "अहो, बरंच केलंत. पण देत किती होते?"

सांगितलं नाही, तिची झोप उडेल. मला मात्र छान झोप लागेल. महिना पंधरा हजार.