रोपासाठी आभार मानू नयेत

मुर्मान्स्क, १४ सप्टेंबर १९८७

ती. कापाताईस, राईसाचा सा. न. वि. वि.

बुटक्या टोमॅटोच्या बियांची पुडी पोचली. मनापासून धन्यवाद! ताकाच्या रिकाम्या खोक्यात पेरल्या, वर ट्यूबलाइट टांगली. पैज आठवते ना? नववर्षाच्या माझ्या ताटात इथे पिकलेला एक जरी लाल टोमॅटो पडला, तर ‘विधवा बाईने एकटीने काय राहायचं, घर सोड, अस्त्राखानला ये’ हे पालुपद तू कायमचं बंद करायचंस. नाही पिकला तर मी ट्रंक बांधीन. तुझ्या जावयाने तिथल्या माझ्या खोलीच्या भिंतींना आत्ताच रंगीत कागद चिकटवला म्हणे. घाई बघा!

लोभ असावा, उपदेश आवरता असावा.
तुझी राईसा

अस्त्राखान, २ ऑक्टोबर

चि. राईसास अ. उ. आ.

अगं वेडे, बियांसाठी धन्यवाद म्हणालीस? रोपाबियांचे आभार मानले की रोप हाय खाऊन मरतं, हे आईने पदरचे धपाटे घालून शिकवलं होतं ना? संपलं आता. इथे आम्ही बदकांना बादलीने टोमॅटो घालतो आणि तू ट्यूबलाइटखाली बसून एकाची वाट बघ! कागद गुलाबी आहे. फुलं जरा मोठी आहेत, सवय होईल.

थोरलीचं ऐकावं, ही विनंती नव्हे.
कापा

मुर्मान्स्क, १२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

फुलं आली आणि गळायला लागली. मधमाशी कुठून आणू? ब्रशने गुदगुल्या केल्या, उपयोग शून्य. सूर्य डोकावतो आणि पळतो, महिनाअखेरीस तोही जाईल, मग दीड महिना उगवायचा नाही. मी नुसती ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालते. मग आठवलं, चोरलेलं रोप फोफावतं म्हणतात. पण आपलंच कसं चोरायचं? म्हणून कुंडी जिन्यात ठेवली. वरचा तीखोन सावेलिच, बर्फफोड्या जहाजावरचा म्हातारा मेकॅनिक, जिन्यात दिसेल ते उचलतो. त्याने उचलली की मी त्याच्याकडून चोरणार होते. उचलली. पण मेला घराबाहेरच पडत नाही! चोरू कधी?

माया असू दे, हसू नकोस.
राईसा

अस्त्राखान, १ डिसेंबर

चि. राईसास आशीर्वाद.

हसून हसून ठसका लागला. परक्याच्या घरातला टोमॅटो पैजेत धरत नाही, ट्रंक काढ. गुलाबी नको असेल तर कागद बदलू. आणि त्या चोराने रोपाचं केलं तरी काय? सहज विचारते. तब्येतीला जप.

वाट बघणारी,
कापा

मुर्मान्स्क, ३ जानेवारी १९८८

ती. कापाताईस, शि. सा. न.

तीखोन सावेलिचकडे चोरी करायला गेले तर दार उघडंच, चहा तयार. म्हणाला, राईसाबाई, इतके दिवस लावलेत, मला वाटलं चोर बदलला की काय. कुंडी त्याच्या आरशाखाली, दिव्याच्या उजेडात होती. दाढी झाली की विजेचा वस्तरा गुरगुरत असतानाच तो कुंडीतल्या काठीला टेकवून ठेवतो; झाड थरथरलं की त्याला गंमत वाटते. त्या गमतीत पराग झडून तीन टोमॅटो धरले होते! तिथून उचलून आणायचा धीर होईना. म्हणून मीच रोज वर जाऊन पाणी घालत होते.

एकतीस तारखेला एक लाल झाला. घर त्याचं, पण ताट माझंच होतं, खालून नेलेलं. तेव्हा पालुपद बंद. गुलाबी खोलीत बदकं ठेव.

त्याने टोमॅटो कापला, मीठ लावलं, मोठा अर्धा माझ्यापुढे केला आणि मी काही म्हणेन म्हणून बघत बसला. मी तोंड मिटून खाल्ला. धन्यवाद म्हटलं नाही हो, ताई. या वेळी रोप जगायला हवं.

आहे तो लोभ तसाच राहो,
तुझी राईसा