दोन नाकांचा नियम

४ मार्च
तीन नंबरची टाकी भरली. बेकऱ्यांतून परत आलेला शिळा पाव, पाणी आणि बादलीभर बुरशी – बस्स. काचेच्या खिडकीला गाल लावून किती वेळ उभी होते कोण जाणे. काल ज्याला सगळे कचरा म्हणत होते त्यातून पांढरे तंतू पसरत जातात, कुणी झोपेत विणत बसल्यासारखे. चार दिवसांत त्याचंच पीठ. प्रथिनांनी भरलेलं. नवरा मला शिळ्या पावाची महाराणी म्हणतो. म्हणू दे.

५ मार्च
ताप उतरून आठवडा झाला, वास काही परतला नाही. सकाळी लेकीच्या केसांत नाक खुपसलं – काहीच नाही. रडूच आलं. कारखान्यात कुणाला बोलले नाही. मला ठेवलंय तेच नाकासाठी. सांगितलं तर घरी बसायचं.

६ मार्च
आजही नाही.

७ मार्च
आमच्याकडे दोन नाकांचा नियम. यंत्रं तापमान सांगतात, आंबटपणा सांगतात. पण माल बिघडायला लागला की आधी कळतं ते नाकाला. म्हणून टाकी उपसण्यापूर्वी दोघांनी वाकून वास घ्यायचा. आधी मी, मग मास्तर – कारखाना त्यांनीच उभा केलेला. दोघं "छान" म्हणाले तरच माल पुढे.

वाकले. कोमट वाफ तोंडावर आली, ढगात डोकं घातल्यासारखं वाटलं. वास? शून्य. आणि मी म्हणाले, "छान." इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं! मग मास्तर वाकले, डोळे मिटले, म्हणाले, "छानच." माझा जीव भांड्यात पडला. एक नाक तरी शाबूत आहे.

८ मार्च
पीठ वाळलं. पहिली वीस पोती कुठे जाणार, तर लेकीच्याच शाळेत, दुपारच्या जेवणात. ती घरभर नाचतेय – "आईचं पीठ, आईचं पीठ." मी हसले. काल तंतू जरा पिवळट होते का? की उजेडच तसा होता?

दुपारी डुलकी लागली. स्वप्नात मी टाकीच्या आत. सगळीकडे मऊ, पांढरं, छान गुरफटून घेणारं. लेक काचेबाहेरून विचारतेय, "आई, खाऊ का?"

उद्या गाडी निघायच्या आत मास्तरांना सांगून टाकणार. काढलं तर काढू देत. मला भीती वाटतेय, पण नोकरीची नाही.

९ मार्च
सांगितलं. भरलेली गाडी थांबवली, पोती उतरवून घेतली, तपासणीशिवाय एक चिमूट जाऊ द्यायची नाही म्हटलं. वाटलं, मास्तर फाडून खातील. ते पायरीवरच बसले. म्हणाले, "पोरी, मला वास येत नाही त्याला दोन वर्षं झाली. तू छान म्हणालीस की मी छान म्हणतो."